नासर बिन हुमैदला घातलेलं गाऱ्हाणं

प्रेमानंद मेस्त्रीने बावन्न वर्षांच्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या. शाळा सोडली, भजन सोडलं, तंबाखू तर सात वेळा सोडली. पण जुन्या घराच्या लाकडाला हात लावायच्या आधी जागेच्या धन्याला गाऱ्हाणं घालायचं, हे त्याने कधी सोडलं नाही. बापानेच शिकवलं होतं. कुडाळकडच्या त्यांच्या गावात मेस्त्री लोक नवं घर बांधताना एक वेळ मुहूर्त विसरतील, जुनं घर खोलताना नारळ विसरणार नाहीत. जुन्या घरात कुणीतरी आधीपासून असतं. दिसत नाही म्हणून त्याला विचारायचं नाही, असला उद्धटपणा कोकणात चालत नाही.

आता हे घर काही कोकणात नव्हतं, आखातात होतं. निझव्याच्या पलीकडे तासभर गेलं की डोंगराच्या पायथ्याशी खजुरांची मोठी बाग लागायची, आणि तिच्या मधोमध मातीचं दुमजली घर. सव्वाशे वर्षांचं. त्याचं आता पाहुण्यांसाठी हॉटेल व्हायचं होतं. कंत्राटदाराने तिथे तीन माणसं पाठवली होती. लाकडासाठी प्रेमानंद, मातीच्या गिलाव्यासाठी लखनौकडचा सकलैन, आणि दोघांवर नजर ठेवायला प्रणाली गजभिये, नागपूरची इंजिनीअर. ती रोज सकाळी निझव्याहून गाडी चालवत यायची. हे दोघे मात्र घरातच, मोठ्या दरवाजाच्या आतल्या बैठकीत पथारी टाकून राहायचे. बाहेर पत्र्याची केबिन होती, पण जुलै महिन्यात तिच्यात माणूस नव्हे, पापड ठेवावेत.

पहिल्याच दिवशी प्रेमानंदने निझव्याच्या बाजारातल्या मल्याळी दुकानातून नारळ आणला. पानसुपारीही मिळाली. अडलं ते धन्याच्या नावावर. गावात चार म्हाताऱ्यांना विचारलं की मूळपुरुषाचं नाव कळतं. इथे विचारणार कुणाला? मग फाटकावरची पाटी दिसली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, बैत नासर बिन हुमैद. बैत म्हणजे घर, हे सोळा वर्षांच्या नोकरीत त्याला कळून चुकलं होतं. झालं, धनी सापडला.

गाऱ्हाण्याला सांगणारा एक आणि ‘होय म्हाराजा’ म्हणणारा निदान एक लागतो. सकलैनला उभं केलं. खोबऱ्याचा अर्धा वाटा कबूल केल्यावर तो पाच वेळचा नमाजी गडी बिनतक्रार तयार झाला.

“बा नासर बिन हुमैद म्हाराजा! आज आमी तुझ्या दारात इलंव, रे म्हाराजा!”

“होय महाराजा,” सकलैन लखनवी अदबीने म्हणाला.

“तुझ्या लाकडाक हात लावतंव, तो मानून घी. काय चुकला-माकला तर पदरात घी, रे म्हाराजा!”

“होय महाराजा.”

“आमी तुझीच माणसां. तुझ्या पायाकडे आमका जागो दी. तुझ्या हुकमाशिवाय आमी हंयसून गाठोडा उचलूचंव नाय, रे म्हाराजा!”

“होय महाराजा!”

हुकमाशिवाय इथून गाठोडं उचलणार नाही, हे शेवटचं वाक्य खरं तर गाऱ्हाण्यात नसतं. ते भरात निसटलं. हातात नारळ असला की माणूस जरा जास्तच बोलतो. नारळ एका फटक्यात दोन सारखी भकलं होऊन फुटला, प्रेमानंद खूश झाला, सकलैनने खोबरं खाल्लं, आणि विषय संपला असं दोघांनाही वाटलं.

तीन आठवडे काम झकास चाललं. मग एका सकाळी तळघरातली तुळई बदलायला प्रेमानंद खाली उतरला. लांबट, बुटकी खोली. खिडकी नाही, दार एकच, आणि त्याचा अडसर बाहेरच्या बाजूने. बॅटरीच्या उजेडात त्याला भिंतीत एका ओळीत गाडलेल्या लोखंडी कड्या दिसल्या. नऊ होत्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

त्या दिवशी घरमालकीण आली होती. सफिया तिचं नाव, सत्तरीची बाई, शहरात अल हैलला मुलाकडे राहायची. आठवड्यातून दोनदा कहव्याचा थर्मास आणि खजुरांचा डबा घेऊन यायची आणि कामगारांना स्वतःच्या हाताने वाढायची. गुजराती शेजाऱ्यांकडून उचललेली मोडकी हिंदी बोलायची. प्रेमानंदने तिला कड्यांचं विचारलं.

“बकरी के लिए,” ती म्हणाली आणि कपात कहवा ओतत राहिली. कप भरून वाहिला तरी ओतत राहिली.

ती गेल्यावर सकलैन हळूच म्हणाला, “प्रेमभाई, बकरी को अँधेरे में कौन बाँधता है? और बाहर से कुंडी?”

प्रेमानंदने रंधा उचलला. तुळई बसवायला तो पुन्हा खाली गेला, तेव्हा भिंतीकडे पाठ करायची त्याला भीती वाटली.

त्याच शुक्रवारी घरून फोन आला. मुलगी यशश्री बोलत होती. कांताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हृदयाची झडप निकामी झाली होती. कोल्हापूरला पुढच्या शनिवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्या पलीकडे थांबायची डॉक्टरांची तयारी नव्हती. मग कांताने फोन घेतला. आवाज दम लागल्यासारखा, पण हट्ट नेहमीचाच.

“सोळा वर्षां सगळा येकटीन केलंय. तुमचे आवशीचा, चेडवाच्या लग्नाचा, सगळा. ह्यां येकटीन करूचंय नाय. तुमी येवा. तुमी इल्याशिवाय मी काय त्या टेबलार निजूचंय नाय.”

“येतंय गो. आयतवारच्या इमानान येतंय.”

“नाय इलास तर मी घराक परत जातलंय. मगे काय जाता तां जावंदे.”

कांता बोलली की करणारच, हे त्याला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तो पोचला नाही तर ती खरंच इस्पितळातून उठून घरी जाईल आणि घरात मरेल. एवढं सरळ होतं ते.

प्रणालीने तासाभरात रजा मंजूर करून घेतली. पोर तशी खमकी. रविवारी सकाळी प्रेमानंदने बॅग भरली, तिच्या गाडीत टाकली आणि दोघं निघाले. दोन किलोमीटरवर वादी लागते, म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी. वर्षातले साडेतीनशे दिवस तिच्यात बकऱ्या चरतात. त्या सकाळी डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता आणि वादीतून चहाच्या रंगाचं पाणी धडधडत चाललं होतं. पलीकडे पोलिसांची गाडी आडवी उभी होती. पाणी चार तासांनी ओसरलं. विमान तोवर गेलं.

सोमवारी त्याने पुन्हा बॅग उचलली. मोठ्या दरवाजाला एक छोटी दिंडी होती, तिच्यातून वाकून जावं लागे, आणि उंबरठा गुडघाभर उंच. याच उंबरठ्यावरून तो दिवसातून पन्नास वेळा आतबाहेर करायचा. त्या दिवशी खांद्यावर बॅग होती. पाय उंबरठ्याला अडकला आणि तो आतल्या बाजूला उताणा पडला. घोटा टम्म फुगला. निझव्याच्या दवाखान्यात पट्टा बांधून मिळाला आणि दोन दिवस पाय टेकू नका असं सांगण्यात आलं. आणि बुधवारच्या विमानाचं बघू म्हणेपर्यंत कळलं, की वाटेत उचलायचा ठरलेला त्याचा पासपोर्ट कंपनीच्या रूवीच्या ऑफिसात कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली घेऊन तिथला माणूस मधल्या वेळात दूर सलालाला पाऊस बघायला गेला आहे.

“कधी येणार?” प्रणालीने फोनवर विचारलं.

“इन्शाल्ला, परसों,” पलीकडून उत्तर आलं.

पूर येतो, पाय मुरगळतो, किल्लीवाला माणूस वेळेला कधीच जागेवर नसतो. एकेकट्या गोष्टीचं काही नाही. पण सोमवारी पडल्या जागी, जमिनीवरून वर बघताना प्रेमानंदला आपलंच वाक्य आठवलं होतं. तुझ्या हुकमाशिवाय आमी हंयसून गाठोडा उचलूचंव नाय.

उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. प्रणाली त्या वेळात निझव्याला जायची. हे दोघे बैठकीत आडवे व्हायचे. बाहेर ऊन इतकं की पाखरूही ओरडत नसे. आपल्याकडे भुतं रात्री फिरतात म्हणतात ते शहरातले लोक. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, खरी वाईट वेळ भर दुपारी बाराची. मंगळवारी दुपारी प्रेमानंद पट्टा बांधलेला पाय उशीवर ठेवून पडला होता, आणि वरच्या मजल्यावर काठीचा आवाज झाला. टक. मग थोडं थांबून, टक. कुणीतरी जड माणूस काठी टेकत सावकाश चालत होता. आवाज बैठकीच्या छतापर्यंत आला, बरोबर त्याच्या डोक्यावर थांबला, आणि मग काहीच झालं नाही. ते काहीच न होणं सगळ्यात वाईट होतं. वर कुणीतरी तसंच उभं राहून खाली बघत होतं याची त्याला खात्री होती.

“चूहे हैं,” सकलैन डोळे मिटून म्हणाला. पण त्याच्या हातातली तसबीहची माळ भराभर फिरत होती.

बुधवारी सकाळी प्रेमानंदने सगळी हत्यारं पिशवीत भरून, दोरीने बांधून टाकली. पासपोर्ट मिळो न मिळो, आपण तयार असलेलं बरं. दुपारी काही केल्या झोपायचं नाही असं ठरवूनही त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पिशवी रिकामी होती. मोठ्या दरवाजासमोर चटईवर सगळ्या पटाश्या ओळीने मांडलेल्या होत्या, लहानीपासून मोठीपर्यंत, डावीकडून उजवीकडे, मुठी त्याच्याकडे करून. बाजूला रंधा, करवत, हातोडा. एखाद्या मालकाने नोकरासाठी काम काढून ठेवावं तसं.

प्रेमानंद डावरा होता. तो आयुष्यभर पटाश्या उलट्या क्रमाने मांडत आला होता.

“सकलैन!” त्याने पटाश्यांकडे बोट दाखवलं. “ये तूने किया?”

सकलैन भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक. “कसम से भाई, हाथ नहीं लगाया. मैं तो तुम्हारे बाद सोया ही नहीं, बाहर नल पे था.” मग तो अगदी हळू म्हणाला, “उस दिन जो तुमने बोला था, जिस पे मैंने होय महाराजा बोला... उसका मतलब क्या था?”

प्रेमानंदने मतलब सांगितला. सकलैनने दोन्ही हातांनी कान धरले आणि तौबा तौबा करत बागेत जाऊन बसला. त्यानंतर तो घरात आला नाही.

साडेतीनला प्रणाली परतली तेव्हा प्रेमानंदने तिला सगळं सांगून टाकलं. गाऱ्हाणं, काठी, पटाश्या, सगळं. ती हसेल अशी त्याची तयारी होती. ती हसली नाही, तिला राग आला.

“पटाश्यांचं मला माहीत नाही, काका. पण तुम्ही त्याला काय म्हणालात? परत सांगा.”

“आमी तुझीच माणसां. पायाकडे जागो दी.”

“हे वाक्य तोंडातून निघतं कसं हो तुमच्या?” तिचा आवाज चढला. “ओळख ना पाळख, पाटीवर नाव वाचलं आणि पाय धरले? माझ्या पणजोबांना हे वाक्य पाटलाच्या दारात रोज म्हणावं लागायचं. आजोबांनी म्हणायचं सोडलं. त्यासाठी गाव सोडलं, धर्म सोडला. म्हणून मी आज इथे इंजिनीअर म्हणून उभी आहे. आणि तुम्ही फुकटात म्हणून मोकळे!”

“आमच्यात रीत आसा ती, बाय.”

“रीत असेल. पण धनी कोण आहे ते तरी बघायचं ना!” मग त्याच्या पट्टा बांधलेल्या पायाकडे तिची नजर गेली आणि ती मवाळ झाली. “मी आत्ता रूवीला जाते. कपाट फोडावं लागलं तरी फोडते. शनिवारआधी पोचवणारं उद्या दुपारचं शेवटचं विमान आहे, त्यात तुम्ही बसणार. खलास.”

ती गेली, आणि त्याच संध्याकाळी सफिया आली. ऊन अजून भिंतींवर होतं. सकलैन आत येईना, तेव्हा म्हातारी प्रेमानंदजवळ येऊन बसली. चटईवरच्या पटाश्या तिने पाहिल्या.

“किसने रखा?” तिने विचारलं.

प्रेमानंदने तिलाही सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. त्याने नासर बिन हुमैदला काय शब्द दिला होता ते ऐकल्यावर तिने थर्मासचं झाकण परत लावलं. त्या दिवशी कहवा कुणालाच मिळाला नाही. तिने जे सांगितलं ते हे.

नासर बिन हुमैद तिचा आजोबा. त्याच्या बापाने झांजिबारला लवंगांचे मळे केले, त्या पैशावर हे घर आणि ही बाग उभी राहिली. मळ्यात काम करायला आफ्रिकेच्या आतल्या भागातून धरून आणलेली माणसं होती. त्यांतली काही नासरने जहाजातून इकडे आणली. बागेला पाणी देणारा कालवा त्यांनी खणला, खजुराची झाडं त्यांनी लावली, या भिंतींची माती त्यांनी तुडवली. दिवसा बाग, रात्री खालची खोली. कड्या बकऱ्यांसाठी नव्हत्या.

“वो यहाँ बैठता था,” सफियाने दरवाजासमोरची जागा दाखवली. “लकड़ी लेके.”

त्याचा नियम एकच होता. कामासाठी आतबाहेर कुणीही करावं. पण गाठोडं घेऊन निघालेल्या माणसाने त्याच्यासमोर उभं राहून विचारायचं, आणि तो ‘जा’ म्हणाला तरच उंबरठा ओलांडायचा. पोटचा मुलगाही याला अपवाद नव्हता. आणि सबंध आयुष्यात नासरने कुठल्याही गुलामाला ‘जा’ म्हटलं नाही. न विचारता गेलेले दोघे परत आणले गेले.

“तो मेल्यावर?” प्रेमानंद मराठीतच बोलून गेला. तिला कळलं.

“मर गया. फिर भी कोई नहीं गया,” ती म्हणाली. “किसी ने बोला नहीं ना, जाओ.”

त्या रात्री प्रेमानंद बागेत सकलैनशेजारी झोपला. झोपला म्हणजे आडवा पडला. आयुष्यभर तो देवाला, धन्याला, इथल्या अर्बाबला म्हणजे मालकाला सांभाळ म्हणत आला होता. सांभाळणारा असा निघाला तर काय करायचं, हे त्याला बापाने शिकवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाला प्रणालीची गाडी धुरळा उडवत आली. डोळे तांबारलेले, कपडे कालचेच, पण हातात निळा पासपोर्ट. “उचला बॅग. यल्ला!”

बॅग आणि पुन्हा बांधलेली हत्यारांची पिशवी बैठकीत होती. प्रेमानंद लंगडत आत गेला, दोन्ही खांद्यांवर टाकली आणि दिंडीपाशी आला. आणि थांबला.

पाय उचलेना. दुखत होता म्हणून नव्हे, भीतीने. त्याच्या पाठीमागे, बरोबर म्हातारीने दाखवलेल्या जागी, कुणीतरी बसलं होतं. त्याला वळून बघायचं धैर्य नव्हतं, पण कान ती काठी वाजायची वाट बघत होते. ओलांडलं आणि कांतालाच काही झालं तर? पुरासाठी पाऊस पाडला, पायाला उंबरठा लावला. या वेळी तो काय करेल?

“काका, विमान!” बाहेरून प्रणाली ओरडली.

“नाय जमणा, बाय. माका नाय जमणा.” बावन्न वर्षांचा माणूस दारात उभा राहून रडत होता. “मी सबद दिलंय त्येका. त्येच्या हुकमाशिवाय...”

“तो मेलाय! कधीचा मेलाय!”

“म्हणानच तर! आता हुकूम देतलो कोण?”

प्रणालीला शिव्या द्याव्याशा वाटल्या असतील, पण तिने पुढे येऊन बाहेरून त्याचा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला.

सकाळीच परत आलेली सफिया तेव्हा अंगणात सकलैनशी बोलत उभी होती. ती आली. वाकून दिंडीतून आत शिरली, प्रेमानंदच्या अंगावरून पलीकडे गेली आणि त्या जागी जाऊन उभी राहिली. आता तिथे कुणी असलंच तर ती त्याच्यातच उभी होती.

“घर मेरा है,” ती म्हणाली. “नासर का नहीं. कागज़ पे मेरा नाम है.” मग मोठ्याने, “प्रेमानंद, जाओ. तुम आज़ाद है.”

प्रेमानंदने पाय उचलला. उंबरठ्याच्या वर तो अडून राहिला, कारण म्हातारी थांबली नव्हती. तिचं तोंड आता तळघराच्या जिन्याकडे होतं.

“मबरूक, जाओ. जुमा, जाओ. फ़रज, जाओ.” ती एकेक नाव घेत होती आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होती, एखाद्याला चढून यायला लागतो तेवढा वेळ. “सलामा, जाओ. सलामा का बच्चा, जाओ.” सकलैन दारात येऊन खाली मान घालून उभा होता. प्रेमानंद मनात मोजत होता. आठ झाली.

आठव्या नावानंतर ती अडली. कड्या नऊ होत्या. तिने बाहेर पाहिलं, कोण कोण ऐकतंय ते. दोन परदेशी कामगार, एक परदेशी पोरगी. आणि अंगणातल्या गाडीपाशी तिचा ड्रायव्हर, गावातलाच, सगळ्यांना ओळखणारा. त्याच्याकडे बघून ती जास्तच घाबरली. आता या खोलीत सगळ्यात जास्त भ्यालेला माणूस आपण नाही, हे प्रेमानंदला कळलं, आणि का कोण जाणे, त्याचा श्वास जरा खाली बसला.

“बोला, आई,” तो म्हणाला. तिला मराठी येत नव्हती.

“जाफ़रान,” सफिया म्हणाली. अगदी बारीक आवाजात. मग तिने मान वर केली आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आधी अरबीत आणि मग हिंदीत म्हणाली, “जाफ़रान, मेरे बाप की माँ. मेरी दादी. सब लोग बोलता था नौकरानी है. मैं भी बोलती थी. उसको इधर कड़ी में बाँधा था. दादी, जाओ.”

अंगणातल्या ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

प्रेमानंदने पाय पलीकडे टाकला. मग दुसरा. घोटा ठणकला, बाकी काही झालं नाही. तो बाहेर उन्हात उभा होता. पाठीमागे बघू नये असं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी त्याने बघितलं.

सफिया आतच होती. उंबरठ्याला लागून, अबायाचा घोळ मुठीत घट्ट धरून. सत्तर वर्षांची बाई, घराची मालकीण, कागदावर नाव असलेली. तिचा पाय उचलत नव्हता.

“सबको मैंने बोला,” ती म्हणाली. “मैं किससे पूछूँ?”

प्रेमानंदने आयुष्यभर विचारलंच होतं. तो प्रणालीकडे बघू लागला. पोरीने डोळे पुसले, पुढे झाली आणि दिंडीतून आत दोन्ही हात दिले.

“कोणालाच विचारायचं नसतं, आजी,” ती म्हणाली. “चला.”